वाढप्याचं पान

रविवारी सकाळी आंघोळ आणि चहा आटोपला की मी मंत्री व्हायचो. कुठल्या खात्याचा, ते आदल्या दिवशी संध्याकाळी कळायचं. अण्णा अंगणात उभे राहून वरच्या मजल्याकडे तोंड करून ओरडायचे, "वकील, उद्या समाजकल्याण हं! तयारी करून या की." मग मी, धारवाडच्या कोर्टात घटस्फोट आणि जमिनीच्या वाटण्या चालवणारा त्यांचा भाडेकरू, शनिवारची उरलेली संध्याकाळ सरकारी परिपत्रकं वाचण्यात घालवायचो. भाडं वेळेवर देऊनही ही वेठ चुकत नव्हती.

अण्णा विधान परिषदेचे सदस्य. शिक्षकांच्या मतदारसंघातून निवडून आलेले, त्याआधी उभा जन्म हायस्कुलात शास्त्र शिकवलेले. मी त्यांना ओळखतो त्या सगळ्या काळात त्यांचा पक्ष विरोधातच होता, आणि मला नेहमी वाटायचं की पक्ष उद्या सत्तेवर आला असता तर अण्णांची मोठी पंचाईत झाली असती. प्रश्न विचारणं हाच त्यांचा धंदा. सभागृहात त्यांचा तारांकित प्रश्न लागला की मंत्र्याला उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागायचं, आणि त्या उत्तरावर अण्णांना पुढे खोदून विचारता यायचं. त्या खोदकामाला पूरक प्रश्न म्हणतात. अण्णांची खरी करामत पूरक प्रश्नांत.

आणि प्रत्येक प्रश्नाची रंगीत तालीम आधी मालमड्डी भागातल्या त्यांच्या घराच्या ओसरीवर. अण्णा खांबाजवळ उभे, मी झोपाळ्यावर मंत्री, आणि उंबऱ्यात पाट टाकून वहिनी सभापती. वहिनीही शिक्षिकाच होत्या, कन्नड शाळेतल्या. शेंगा सोलत, कोथिंबीर निवडत त्या सभागृह चालवायच्या आणि त्यांच्यापुढे कुणाचं काही चालायचं नाही. अण्णांनी स्वतःलाच एक बंधन घालून घेतलं होतं, तीन पूरक प्रश्न आणि मग खाली बसायचं. भरात येऊन ते चौथ्याला तोंड उघडायचे, की वहिनी खाली मान घालूनच म्हणायच्या, "साकु, सदस्यरे. कुंद्री!" म्हणजे पुरे, बसा. आणि बेंगळुरूला मंत्र्यांना घाम फोडणारा हा माणूस मुकाट्यानं बसायचा.

मी मंत्री म्हणून वाईट नव्हतो. खोट्याचं खरं करायची आमच्या धंद्याला सवय असते. "अनुदान उपलब्ध होताच योग्य ती कार्यवाही करण्यात येईल," असं मी झोका घेत म्हटलं की अण्णा खूश. "वा! अगदी असंच बोलणार तो. आता बघा हं, मी काय विचारतो." एकदा अधिवेशनाहून परत आले आणि पायातली चप्पलही न काढता म्हणाले, "वकील, तुम्ही बरे मंत्री. खऱ्याला तुमच्या निम्मंसुद्धा येत नाही हो. मजा गेली सगळी."

हा प्रश्नांचा सोस सभागृहापुरता असता तर कुणाची ना नव्हती. पण सुभाष रोडवर त्यांच्याबरोबर भाजीला जाणं ही शिक्षा होती. वांगी कालच्यापेक्षा महाग का, या प्रश्नावर भाजीवाली म्हणायची, "आवक कमी आहे अण्णा." झालं. आवक कुठून कमी? तिथे पाऊस झाला नाही, की झाला आणि वाहून गेलं? तुम्ही स्वतः बघितलं, की दलालानं सांगितलं? मागे गिऱ्हाइकं खोळंबायची आणि मी अर्धा किलो वांगी हातात धरून दुसरीकडे बघत उभा राहायचो. गंमत म्हणजे भाजीवाल्या त्यांच्यावर चिडायच्या नाहीत. एकजण मला म्हणाली होती, "विचारतो तेवढा, पण ऐकतो बी की."

ते खरं होतं. उत्तर मिळालं की अण्णा थांबायचे. त्यापायी पक्षात त्यांनी केवढं ऐकून घेतलं असेल! रायापूरकडच्या मुलींच्या सरकारी वसतिगृहात वॉर्डनची जागा बरेच महिने रिकामी होती, मोठ्या मुलीच लहान मुलींना सांभाळत होत्या. अण्णांनी प्रश्न लावला. पक्षाच्या पुढाऱ्यांना वाटलं, आता मंत्र्याची सालटी निघणार. पण मंत्री नवखा आणि सरळ निघाला. उभा राहून म्हणाला, "सदस्य म्हणतात ते बरोबर आहे. आमच्या खात्याची ही चूक आहे. या महिन्यात नेमणूक करतो." अण्णांनी आभार मानले आणि बसले. मागच्या बाकांवरून त्यांचेच सहकारी कुजबुजत होते, उठा, अजून तीन आहेत तुमचे, ठोका. अण्णा काही उठले नाहीत.

पक्षात त्यांना तेव्हापासून 'सरकारी विरोधक' म्हणू लागले. गोंधळ घालायला सगळा पक्ष सभागृहाच्या हौद्यात उतरायचा तेव्हाही हे आपल्या जागेवरच उभे असायचे. का, तर गोंधळात कामकाज तहकूब झालं की प्रश्नोत्तराचा तास बुडतो, आणि लोकांनी विश्वासानं दिलेले प्रश्न आपल्याच हातानं मरतात. मी एकदा चिडवलं, "अण्णा, तुम्ही राजकारणात चुकून आलात." तर शांतपणे म्हणाले, "वर्गात पोरगं बरोबर उत्तर देतंय आणि मास्तर तरी छडी मारतोय, हे कुठल्या शाळेत बघितलंत तुम्ही?" मी बघितलं होतं, माझ्याच शाळेत.

त्यांचा दुसरा नेम याहून कडक. ज्या प्रश्नात आपल्या घराचा काडीचाही फायदा आहे, तो आपण विचारायचा नाही. आपल्या गल्लीतल्या रस्त्याबद्दल त्यांनी कधी तोंड उघडलं नाही, त्यामुळे पावसाळ्यात आम्ही सगळे चिखल तुडवत होतो आणि त्यांच्या नावानं बोटं मोडत होतो. ते म्हणायचे, "वाढप्यानं आपल्या पानाकडे बघून वाढू नये. वाढप्याचं पान शेवटी. उरलं तर उरलं." त्यांच्या घरातल्या कार्यांना मी गेलो आहे. हा माणूस खरोखरच सगळी पंगत उठेपर्यंत श्रीखंडाचं भांडं घेऊन फिरायचा आणि शेवटी ताक-भात खाऊन उठायचा.

मग एका रविवारी काहीतरी बिघडलं. विषय अंगणवाड्यांचा होता. अण्णांनी तीन पूरक प्रश्न विचारले, मी तिन्ही शिताफीनं टोलवले, आणि सवयीनं त्यांनी चौथा विचारला. मी उंबऱ्याकडे पाहिलं. वहिनी शेंगा सोलत होत्या. अण्णांनी चौथा पुरा केला, तरी शांतता. मी म्हटलं, "सभापती महोदया, हा अन्याय आहे. सदस्यांचे तीन झाले." वहिनींनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि फार गोड हसल्या, जसं आपण ओळख न लागलेल्या पाहुण्याकडे पाहून हसतो. अण्णांनी हातातला कागद घडी करून खिशात ठेवला. त्या दिवशी तालीम तिथंच संपली, आणि पुढे ओसरीवर सभागृह भरलं ते फार क्वचित.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. नावानं काय होतंय? दूध उतू जाऊ लागलं, साखरेच्या डब्यात मीठ गेलं, मग एक दिवस वहिनी भर दुपारी स्टेशनकडे चालत निघालेल्या सापडल्या. शाळेला उशीर होतोय, म्हणत होत्या. मूलबाळ नव्हतं. अण्णा अधिवेशनाला जायचे तेव्हा त्यांची भाची हुबळीहून येऊन राहायची, पण तिचाही संसार होताच.

त्यांना वाचवलं ते केळगेरीच्या केंद्रानं. तळ्याजवळच्या एका बैठ्या घरात शांतक्का नावाच्या निवृत्त नर्सनं ते चालवलं होतं, थोडी देणगी आणि बाकी सरकारी अनुदान यांवर. असं सगळं विसरत चाललेलं माणूस सकाळी नेऊन सोडायचं, संध्याकाळी घरी आणायचं. तिथे शिंप्याचे वडील होते, बँकेतल्या मॅनेजरचे सासरे होते, आणि रायापूरच्या कारखान्यात काम करणाऱ्या रेणुकाची आई होती. वहिनींना ती शाळाच वाटली. गेल्या गेल्या त्यांनी वर्गाचा ताबा घेतला. कुणी म्हातारा उगीच येरझारा घालू लागला की त्या हुकूम सोडायच्या, "कुंद्री!" आणि तो बसायचा. शांतक्का मला म्हणाली, "माझं कुणी ऐकत नाहीत हो वकीलसाहेब, बाईंचं ऐकतात." वहिनी रोज सकाळी खांद्याला पिशवी अडकवून रिक्षाची वाट बघत पायरीवर बसायच्या. इतक्या आनंदात मी त्यांना त्याआधी वर्षभरात पाहिलं नव्हतं.

आणि तेवढ्यात सरकारचा हुकूम आला. अनुदान यापुढे फक्त निराधार वृद्धांच्या निवासी आश्रमांना मिळेल. दिवसापुरत्या केंद्रांना नाही. शांतक्कानं हिशोब केला, मार्चनंतर कुलूप. केंद्रातले सगळे नातेवाईक मिळून अण्णांच्या ओसरीवर आले. रेणुका कारखान्यातली पाळी बुडवून आली होती. ती बोलली तेवढी एवढंच, "आईला कुठे ठेवू अण्णा? नोकरी सोडली तर खाऊ काय आम्ही दोघी?"

अण्णांनी उठून तिला पाणी आणून दिलं. मग म्हणाले, "विचारतो. पण मला दोन दिवस द्या."

त्या दोन दिवसांत त्यांनी काय केलं असेल? वहिनींना केंद्रातून काढलं.

शांतक्काकडून मला कळलं तेव्हा मी कोर्टातून तसाच काळ्या कोटात त्यांच्याकडे गेलो. "अण्णा, हे काय ऐकतोय मी? वहिनींचं नाव काढलंत?"

"होय. काढलं."

"का म्हणून?"

"प्रश्न माझा आहे. आता त्यात माझं घर नाही."

"अहो, कायदा मी सांगतो ना तुम्हाला! सभागृहात उभं राहून सांगायचं, माझी पत्नी तिथे जाते, त्यात माझा संबंध आहे. संपलं. बोलायला मोकळे."

"सांगितल्यानं काय होतंय वकील? मंत्री म्हणणार, हा बायकोसाठी भांडतोय. मग रेणुकाची आई राहिली बाजूला. एकदा का असं झालं की सगळ्यांचं जातंय."

"आणि वहिनींचं काय? त्यांना कुणी विचारलं?"

मी पाय आपटत जिना चढलो. मला त्या माणसाचा इतका राग आला होता की आठवडाभर मी त्यांच्याशी बोललो नाही, आणि आजही तो राग पुरता गेलेला नाही.

वरून मला सगळं दिसायचं. वहिनी तयार होऊन, पिशवी अडकवून पायरीवर बसायच्या. अण्णा शेजारी बसून सांगायचे, आज सुट्टी आहे. पहिल्या दिवशी त्या खूश झाल्या. दुसऱ्या दिवशीही चाललं. मग रोज विचारू लागल्या, "आज पण सुट्टी? कोण वारलं?" अण्णा काहीतरी नाव सांगायचे. मग त्या दिवसभर त्या न वारलेल्या माणसाचं सुतक धरल्यासारख्या गप्प बसून राहायच्या. जेवण सुटलं. संध्याकाळी चिडून भांडी आपटू लागल्या. मोलकरीण दोन-तीनदा घाबरली आणि यायची बंद झाली.

त्यात अण्णांनी मला तालमीला बोलावलं. मी गेलो तो रागातच. झोपाळ्यावर बसलो, पाय रोवले आणि म्हटलं, "सभापती महोदय, सरकारची जबाबदारी निराधारांची आहे. ज्या माणसाला संध्याकाळी परत जायला घर आहे, तो निराधार कसा?"

अण्णांनी हातातला कागद उलटसुलट करून बघितला. शेवटी म्हणाले, "याला उत्तर नाही हो माझ्याकडे." इतक्या वर्षांत असं प्रथमच झालं होतं, आणि जिंकल्याचा मला अजिबात आनंद झाला नाही.

अधिवेशन हिवाळी, म्हणजे बेळगावात. धारवाडहून जाऊन येण्यासारखं, म्हणून मी प्रेक्षकांच्या गॅलरीचा पास काढून गेलो. घरी भाची होती. त्या दिवशी पक्षाला कुठल्याशा घोटाळ्यावरून गोंधळ घालायचा होता. अण्णा आयुष्यात पहिल्यांदा आपल्या पुढाऱ्याकडे गेले आणि म्हणाले, माझा प्रश्न होऊ द्या, मग काय हवं ते करा. पुढारीही चकित झाला असावा. थांबले सगळे.

प्रश्नाचा पुकारा झाला. मंत्री अनुभवी, आवाज भारदस्त. आणि तो, शब्दाला शब्द, माझंच वाक्य बोलला. ज्यांना संध्याकाळी घर आहे ते निराधार कसे? वर आणखी जोडलं, "आपल्या संस्कृतीत घरच्या वडीलधाऱ्यांना ओझं समजत नाहीत." त्यांच्या बाजूची बाकं वाजली.

अण्णा उठले. कागद बाकावरच राहिला.

"सभापती महोदय, मला घर आहे. चांगलं आहे, समोर अंगण आहे. माझी पत्नी सगळं विसरत चालली आहे. गेल्या आठवड्यात तिचं औषध संपलं, घरात दुसरं कुणी नव्हतं. मी तिला आत ठेवून बाहेरून कुलूप लावलं आणि बाजारात गेलो. परत आलो तर ती खिडकीचे गज धरून रस्त्यावरच्या लोकांना हाका मारत होती. पोरांना कोंडलंय, म्हणत होती, पोरांना सोडा. तिला वाटलं तिचा वर्ग आत आहे." ते थांबले. "मला पेन्शन आहे, मानधन आहे, ओळखी आहेत. तरी मी कुलूप लावलं. ज्या बाईला कारखान्यात पाळीवर जायचंय तिनं काय लावावं, एवढं मंत्रिमहोदयांनी सांगावं."

कुलपाची गोष्ट मलाही माहीत नव्हती. त्या दिवशी मी कोर्टात होतो.

मग सत्ताधारी बाकांवरची एक वयस्क सदस्या उठली आणि परवानगी न मागताच म्हणाली, "आमच्याकडे सासऱ्यांना दुपारी खोलीत कोंडावं लागतं. मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं." मंत्र्यानं कागद चाळले, शेजारच्या अधिकाऱ्याकडे बघितलं, आणि हुकूम तूर्त स्थगित ठेवतो म्हणून सांगितलं. नंतर बाहेर त्यानं अण्णांना गाठलं. मला वाटलं, आता ऐकवणार. तर तो त्यांना बाजूला घेऊन हळू आवाजात विचारत होता, "सर, रात्री झोपत नाहीत अशा वेळी तुम्ही काय देता? आमच्या आईचं..."

येताना गाडीत मी म्हटलं, "उद्या वहिनींना केळगेरीला सोडायचं. आता काही कारणं नकोत."

"सोडू," अण्णा म्हणाले. त्यांनाही तेच हवं होतं, ते दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी मी बरोबर गेलो. रिक्षा फाटकाशी थांबली, शांतक्का धावत आली, "बर्री, या या बाई, तुमची पोरं वाट बघतायत." वहिनींनी तिच्याकडे पाहिलं, घराकडे पाहिलं, आणि अण्णांच्या सदऱ्याची बाही दोन्ही मुठींत धरली. त्यांना काहीच ओळखीचं नव्हतं. जेमतेम दीड-दोन महिने गेले असतील. रेणुकाची आई जागेवर होती, शिंप्याचे वडील येरझारा घालत होते, सगळ्यांची जागा शाबूत होती. वहिनींची तेवढी त्यांच्या मनातून पुसली गेली होती. त्या लहान मुलीसारख्या रडू लागल्या, "घरी चला, घरी चला."

अण्णा फाटकातच खाली बसले. मी पाठीवर हात ठेवला, तर म्हणाले, "वकील, मी हिला विचारायला हवं होतं. सगळ्या जगाला विचारत फिरलो."

बोलायचं ते मी कोट न काढता आधीच बोलून बसलो होतो.

पुढच्या अधिवेशनात अण्णा गेले नाहीत. ते वहिनींना घेऊन रोज सकाळी केळगेरीला जाऊ लागले आणि दिवसभर तिथेच बसू लागले, कारण ते उठले की त्या रडायच्या. म्हाताऱ्यांच्या रांगेत, भिंतीकडच्या बाकावर दोघं शेजारी शेजारी. पक्षाची माणसं निवडणुकीचं विचारायला आली, त्यांना शांतक्कानं चहा दिला आणि अण्णांनी हात जोडले. वहिनी कुणाशी बोलायच्या नाहीत, खायच्या नाहीत, टक्क डोळ्यांनी दाराकडे बघत राहायच्या.

आषाढात एके दिवशी दुपारी कोर्टात बातमी कळली. सरकारनं तो हुकूम कायमचा मागे घेतला होता, दिवसाच्या केंद्रांचं अनुदान चालू. मी पक्षकाराला तसाच सोडून स्कूटर काढली आणि भिजत केळगेरीला गेलो. कोट निथळत होता. दारातूनच ओरडलो, "अण्णा! जिंकलात तुम्ही!"

अण्णा भिंतीला टेकून ताठ बसले होते. वहिनींचं डोकं त्यांच्या खांद्यावर होतं, तोंड जरासं उघडं, मुठी सैल सुटलेल्या.

"हळू बोला हो," ते ओठांतल्या ओठांत म्हणाले. "आज पहिल्यांदा इथं डोळा लागलाय तिचा."